अर्धी मोडून

नावं सगळी 'डेम'ने नाहीतर 'पाम'ने संपतात,
माझ्या लक्षात राहत नाहीत.
मी आकाराने ओळखतो.

पहिली लांबट, मधोमध रेघ असलेली.
डिचोलीच्या डॉक्टर केंकऱ्यांनी लिहून दिली,
म्हणाले, अंथरुणावर बसूनच घ्या,
घेतल्यावर कुठे जायचं नाही.
म्हटलं, डॉक्टर, जायचंय कुठे मला?
बार्ज तर आमोण्याला गंजत पडलीय.

झोप आली. म्हणजे
कोणीतरी खटका खाली केला.
सकाळी तळव्यांना लाल माती,
चादरीवर टाचांचे डाग,
आणि प्रेमावती उंबऱ्यावर बसलेली, केस न विंचरता.
'सारमानसच्या धक्क्यावर गेला होता तुम्ही.
दोर सोड, दोर सोड, म्हणून ओरडत होता.
समोर नुसती नदी.'
मला काहीच आठवत नाही.
त्या रात्रीपासून दाराची किल्ली तांदळाच्या डब्यात.

दुसरी बारीक, टिकलीएवढी.
घाई नाही तिला. पहाटेपर्यंत पुरते
आणि पहाट झाली तरी उठून जात नाही.
दुपारी हुमणातला काटा
जिभेवर आहे की ताटात,
कळायला वेळ लागतो.
सुकूर फार्मसीवाला चिठ्ठी दोनदा वाचतो,
शिक्का मारतो, चष्म्यावरून बघतो:
'पात्रांव, सोडताना हळूहळू सोडायची,
एकदम नाही. सवय लागते.'
हिला माणसाची की माणसाला हिची,
ते मी विचारलं नाही.

तिसरी खरं तर उदास माणसांची,
थोडी दिली तर झोपेलाही चालते म्हणे.
तोंड असं सुकलं
की ओहोटीला चिखलात रुतलेली होडी म्हणजे माझी जीभ.
ती मीच केंकऱ्यांना परत नेऊन दाखवली.

चौथी मुलाने क्रूझवरून पाठवली.
त्याची रात्र दर आठवड्याला वेगळ्या देशात होते,
तो म्हणतो, पप्पा, ही एकदम साधी.
साधीच आहे. घेऊन मी
साधेपणाने जागा असतो.

अडीच वाजता कुंपणाशी जावं
तर पलीकडे पिएदाद, गाऊनवर स्वेटर चढवून.
'तुजी खंयची?'
'अर्धी, लांबटातली. तुझी?'
'पाव. कामाक येना.'
बांगड्याचा वाटा महाग की स्वस्त,
तसं आम्ही बोलतो, हलक्या आवाजात.
एकदा तिने आपली पट्टी पुढे केली,
मी हात पुढे केला,
मग दोघांनाही सुकूरचा चष्मा आठवला.
तिला झोप का नाही, ती सांगत नाही.
मी विचारत नाही.
डॉक्टर विचारतात, पण फक्त किती वाजता घेता, ते.

नाहीतर सांगितलं असतं:
बावीस वर्षं मी इंजिनावर झोपलो.
फळी, फळीखाली डिझेलची धडधड,
वर खनिज, खाली मांडवी.
आवाजाने कधी उठलो नाही.
इंजिन बंद पडलं की जाग यायची,
टॉर्च घेऊन खाली उतरायचो.
आता खाणी बंद, ट्रक बंद,
पिळगावात रात्री नारळ पडला तरी कोणाचा ते कळतं.
आणि माझं अंग अजून
उठून बघायला निघतं, काय बिघडलं म्हणून.

हे मी प्रेमावतीलाही सांगितलं नव्हतं.
परवा भात वाढताना सांगून टाकलं,
तिने ऐकल्यासारखं केलं नाही, मीठ पुढे सरकवलं.

रात्री कसलीशी घरघर सुरू झाली.
भिंतीतून, मग खाटेच्या पायांतून,
मग पाठीच्या कण्यातून वर.

जाग आली ती पिएदादच्या आरोळीने:
'प्रेमा गो! पंप बंद कर! उदक म्हज्या दारांत आयलां!'
टाकी भरून वाहत होती,
अंगणात घोटाभर पाणी,
माझी एक चप्पल तुळशीपाशी तरंगत.
किती झोपलो, कोणी मोजलं नाही.
पिएदाद म्हणते, चाळीस मिनिटं,
प्रेमावती म्हणते, तास तरी.

गोळी त्या रात्री घ्यायची राहूनच गेली होती,
अर्धी मोडून ठेवलेली, बशीत.
विजेचं बिल यायचंय अजून.